लिस्बन पायी पाहायचं तर: लहान ग्रुपची टूर घ्यावी का, कोणती आणि कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरमध्ये चार दिवस लिस्बनला जायचंय. नवरा-बायको आणि सोबत सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या आसपासचे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सासऱ्यांना इतिहासाची आवड, त्यातही गोवा मुक्तिसंग्रामाची जास्त. गाईडबरोबरची लहान ग्रुपची वॉकिंग टूर घ्यावी, की मोबाइलवरच्या ऑडिओ गाईडने भागेल? घ्यायची तर निवडायची कशी? आणि शाकाहारी जेवणाचं काय?

मी लिस्बनमध्ये राहतो आणि भारतातून येणाऱ्यांना लहान ग्रुपमध्ये हे शहर पायी दाखवणं हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

टूर घ्या. पहिल्याच दिवशी सकाळी घ्या. आणि ‘तीन तासांत संपूर्ण लिस्बन’ असं जिच्या जाहिरातीत लिहिलंय ती सोडून द्या.

प्रत्येक शहरात गाईड लागतोच असं मी म्हणणार नाही. रोममध्ये कलोसियमसमोर उभं राहिलं की निम्मं काम कलोसियमच करतं. लिस्बनचं तसं नाही. या शहरातली सगळ्यात मोठी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, कारण ती १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी कोसळली. ऑल सेंट्सचा सण होता, चर्चं भाविकांनी भरलेली होती, वेदीवर मेणबत्त्या जळत होत्या. भूकंप झाला तसे लोक मोकळी जागा शोधत नदीकाठी धावले आणि थोड्याच वेळात तेजू नदीच्या मुखातून त्सुनामी आत शिरली. जे वाचलं ते आगीत गेलं, आणि ती आग पुढे कित्येक दिवस विझली नाही. आज बायशा भागात जे सरळ रस्ते आणि एकसारख्या इमारती दिसतात, ते सगळं या घटनेनंतरचं. हे माहीत नसेल तर बायशा म्हणजे एक नीटनेटकी बाजारपेठ, एवढंच वाटतं. माहीत असेल तर पावलापावलावर थांबावंसं वाटतं.

गाईडचं काम इथे सुरू होतं, आणि त्यात क्रमाला फार महत्त्व आहे. सांता लुझियाच्या चर्चला लागून एक छोटी बाग आहे, तिथून आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीची लाल छपरं आणि खाली नदी दिसते. येणारे बहुतेक जण तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. त्यांच्या पाठीमागे, चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर, निळ्या-पांढऱ्या टाइल्सची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ११४७ सालची लढाई आहे. अफोंसो हेन्रिकेश या पहिल्या पोर्तुगीज राजाने क्रूसेडर सैनिकांच्या मदतीने मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून, लिस्बनचा किल्ला घेतला, तो प्रसंग. दुसऱ्यात भूकंपाच्या आधीचा नदीकाठचा चौक आहे, त्यातल्या राजवाड्यासकट. मी ग्रुपला नदीकडे वळू देण्याआधी या दुसऱ्या चित्रासमोर उभं करतो आणि राजवाडा नीट बघून ठेवायला सांगतो. मग आल्फामातून उतरत तास-दीड तासाने आम्ही प्रत्यक्ष त्या चौकात पोचतो. त्याचं आजचं नाव प्रासा दु कोमेर्सिउ, पण लिस्बनचे लोक अजूनही तेरेइरू दु पासू म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं पटांगण. राजवाडा तर कुठेच नाही. मधोमध घोड्यावर पहिला जुझे राजा आहे, तिन्ही बाजूंना पिवळ्या कमानी, चौथ्या बाजूला नदी. अशा वेळी ग्रुपमधलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग तो राजवाडा नेमका कुठे होता?’ हा प्रश्न ऑडिओ गाईडला विचारता येत नाही. तुम्ही विचारलंत ना, भागेल का म्हणून? माहितीपुरतं भागेल. पण मला पायी फिरण्यातली खरी गोडी प्रश्न पडण्यात आणि तिथल्या तिथे त्याचं उत्तर मिळण्यात वाटते.

बायशात शिरल्यावर मान वर करायला सांगणारा गाईड चांगला. इमारतींच्या छपरांच्या वर मधूनमधून जाड भिंती डोकावतात. एका घराची आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून त्या मुद्दाम उंच बांधल्या. आतला भाग तर दिसतच नाही. भिंतींच्या पोटात लाकडाचा सांगाडा आहे, उभ्या-आडव्या वाशांमध्ये तिरप्या फुल्या घातलेला. पोर्तुगीज त्याला गायोला म्हणतात, म्हणजे पिंजरा. जमीन हलली तर घराने थोडं डुलावं पण कोसळू नये, ही त्यामागची कल्पना. नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावून चाचणी घेतली, असं इथे सांगतात. ही सगळी उभारणी मार्केझ द पोंबाल या मंत्र्याच्या देखरेखीखाली झाली. याच पोंबालच्या काळात गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली गेली: धक्का किती वेळ जाणवला, समुद्र आधी मागे गेला की पुढे आला, किती घरं पडली. भूकंपाकडे केवळ देवाचा कोप म्हणून न पाहता माहिती गोळा करायची, हे त्या काळात फार मोठं पाऊल होतं.

या इमारती ज्या मऊ, गाळाच्या जमिनीवर उभ्या आहेत तिच्यात लाकडी खुंट ठोकून पाया केला होता. तो पाहायचा असेल तर रुआ दुश कोर्रेएइरुश या गल्लीत एका बँकेच्या खाली उत्खननात सापडलेले अवशेष जपून ठेवले आहेत. तिथे गाईडच्या सोबतीनेच उतरायचं असतं, गट लहान असतो आणि पैसे लागत नाहीत. खाली रोमन काळातले मासे खारवण्याचे हौद आणि पोंबालच्या काळातले खुंट एकाच जागी दिसतात. सासऱ्यांना तिथे नक्की न्या. वेळ आधी ठरवून जा. आल्फामा मात्र टेकडीच्या कठीण खडकावर आहे, म्हणून बायशाच्या मानाने बरीचशी वाचली. तिच्या वेड्यावाकड्या गल्ल्या आजही मध्ययुगातल्या मांडणीच्या आहेत.

आता ग्रुप केवढा हवा. ‘स्मॉल ग्रुप’ या शब्दावर अजिबात विसंबू नका. कुणाचा स्मॉल ग्रुप आठचा असतो, कुणाचा वीसचा. बुकिंग करताना जास्तीत जास्त किती माणसं घेणार हे लेखी विचारा. दहाच्या आत असेल तर डोळे मिटून घ्या. बारापर्यंत चालेल. त्यापुढे मी जाणार नाही, आणि त्याचं कारण आल्फामात गेल्यावरच कळतं. तिथल्या बेकूंमध्ये, म्हणजे बोळांमध्ये, काही ठिकाणी दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. वीस जणांची रांग लागली की पुढच्याला गाईड दिसतो आणि मागच्याला फक्त पुढच्याची पाठ. गाईड थांबून बोलायला लागतो तोवर मागचे पोचलेले नसतात, पोचतात तेव्हा तो चालायला लागलेला असतो. कानात हेडसेट दिला तरी तो कोणत्या दाराबद्दल बोलतोय ते कळत नाही. आणि ती लोकांची राहती घरं आहेत. दारात कपडे वाळत असतात, खिडकीत आजी बसलेली असते. वीस जण तिच्या दारात उभे राहिले की तिला घरात शिरायला वाट उरत नाही. आधीच पर्यटकांच्या भाड्याच्या खोल्यांपायी आल्फामातली कितीतरी जुनी कुटुंबं बाहेर पडली आहेत. जी उरली आहेत त्यांना त्रास न देता फिरायचं असेल तर लहान ग्रुपला पर्याय नाही.

दुसरं विचारायचं म्हणजे टूर एकाच भाषेत आहे ना. काही टूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत चालतात. गाईड प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो, म्हणजे तीन तासांच्या पैशात तुम्हाला दीड तास मिळतो. तिसरं, टूरमध्ये कशाकशाच्या आत जाणार आणि काय बाहेरूनच दाखवणार. ‘कॅथेड्रल पाहणे’ म्हणजे कित्येकदा समोर उभं राहून पाच मिनिटं ऐकणं असतं. त्यात गैर काही नाही, फक्त आधी माहीत असावं.

टिपांवर चालणाऱ्या ‘फ्री टूर’बद्दलही नेहमी विचारणा होते. त्यात उत्तम गाईड असतात, मी काहींना ओळखतो. तरुण असाल, एकटे असाल तर खुशाल जा. पण हंगामात त्या ग्रुपमध्ये पंचवीस-तीस माणसं सहज होतात, चाल जलद असते आणि सत्तरीच्या माणसाला मध्ये बसायला मिळत नाही. तुमच्यासारख्या चौघांसाठी मी ती सुचवणार नाही. उलट तुम्ही चौघं आहातच, तर फक्त तुमच्यासाठीच्या टूरचा भाव विचारून बघा. चौघांत विभागला की लहान ग्रुपच्या दरापेक्षा फार महाग पडतोच असं नाही, आणि वेग सासूबाईंचा ठेवता येतो.

गुडघ्यांचं बोलू. लिस्बनमध्ये चढ-उतार आहेत आणि ते खरोखर त्रासाचे आहेत. पण वरून खाली येणाऱ्या टूरमध्ये निम्मा त्रास संपतो. सुरुवात पोर्ताश दु सोल किंवा सांता लुझियापाशी असेल तर हॉटेलवरून थेट टॅक्सीने वर जा. ज्या टूर बायशात सुरू होऊन किल्ल्याकडे चढतात त्या टाळा. आल्फामातून उतरताना पायऱ्या आहेत. दुखऱ्या गुडघ्याला उतारही छळतो, म्हणून गाईडला आधीच सांगा. पायऱ्या टाळून उताराच्या रस्त्याने नेता येतं, थोडा वळसा पडतो इतकंच.

वर चढायचंच झालं तर शहराने केलेल्या सोयी आहेत आणि त्या पर्यटकांना सहसा माहीत नसतात. बायशातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती तुम्हाला वरच्या रुआ दा मादालेनावर सोडते. तिथून थोडं चालून शांव दु लोरेइरूच्या जुन्या मंडईच्या इमारतीत दुसरी लिफ्ट घ्यायची. ती किल्ल्याच्या पायथ्याजवळच्या रस्त्यावर काढते. दोन्ही फुकट. शियादुला चढायचं असेल तर बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचे सरकते जिने वापरा. तिकिटाच्या फाटकातून आत न जाता थेट वर निघता येतं, इथले लोक रोज तेच करतात. अठ्ठावीस नंबरची ट्राम छान आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. ती खच्चून भरलेली असते आणि खिसेकापूंची आवडती आहे. फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढले जाणारे रुळांवरचे डबे, धरूनही आखणी नको. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरियाच्या फ्युनिक्युलरला भीषण अपघात होऊन सोळा माणसं गेली, त्यानंतर बाकीच्याही तपासणीसाठी थांबवल्या होत्या. तुम्ही याल तेव्हा काय चालू आहे ते पाहून घ्या.

आणि बूट. हा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. लिस्बनचे फुटपाथ म्हणजे काल्सादा: हाताने बसवलेले पांढऱ्या चुनखडीचे छोटे चौकोनी दगड, मधे काळ्या दगडाची नक्षी. वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते गुळगुळीत झाले आहेत. ऑक्टोबरमध्ये पावसाची सर येऊन गेली की त्यावर पाय सटकतो, उतारावर तर हमखास. खाली रबराचा, खाच असलेला तळवा हवा. सासूबाईंना चपला किंवा चामडी तळव्याचे बूट घालू देऊ नका. उतारावर मी लोकांना भिंतीच्या कडेने, जिथे धरायला कठडा आहे तिथून चालवतो.

सकाळी नऊला सुरुवात होईल अशी टूर घ्या. क्रूझची जहाजं आल्फामाच्या अगदी पायथ्याशी लागतात आणि दहा-साडेदहापासून त्यांचे मोठे ग्रुप वर चढायला लागतात. कोणत्या दिवशी कोणतं जहाज येणार हे बंदराच्या वेळापत्रकात आधी कळतं. मी स्वतः ते पाहिल्याशिवाय तारीख देत नाही.

जेवणाचं फार टेन्शन घेऊ नका, पण विचारून खा. पास्तेल द नाता या प्रसिद्ध कस्टर्ड टार्टमध्ये अंडं असतं. काल्दु व्हेर्द हे पालेभाजीचं सूप दिसायला शाकाहारी, पण त्यात बहुधा सॉसेजची चकती असते. कॅफेत ‘शामुसा’ दिसेल, तो आपला सामोसाच, पण आत सहसा बीफ किंवा चिकन. बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, त्याचे पैसे लागतात. नको असेल तर परत न्यायला सांगा, कुणी वाईट मानत नाही. मार्ती मुनीश भागात दक्षिण आशियाई लोकांची बरीच दुकानं-खानावळी आहेत. थोडं लांब, लुमियारला राधाकृष्ण मंदिर आहे. मोझांबिकमधून इथे आलेल्या गुजराती कुटुंबांचा त्या समाजात मोठा वाटा आहे आणि तिथल्या कँटीनमध्ये शाकाहारी जेवण मिळतं. एक दिवस दुपारी तिकडे जा, सासू-सासऱ्यांना बरं वाटेल.

आता सासऱ्यांचा विषय. या शहरात गोव्याच्या खुणा पावलोपावली आहेत, पण नेहमीच्या टूरमध्ये त्या येत नाहीत. म्हणून बुकिंग करतानाच कळवा की आम्ही महाराष्ट्रातून येतोय आणि आम्हाला गोव्याशी संबंधित जागा पाहायच्या आहेत. चांगला गाईड या निरोपाने खूश होतो, त्याला तयारी करायला वेळ मिळतो. उत्तर काय येतं त्यावरून गाईडची पारखही होते.

आल्फामाच्या पायथ्याशी काझा दुश बिकुश नावाचं घर आहे. दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार कापलेले दगड ओळीने बसवलेत. दुपारचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक दगडाची एक बाजू उजळते आणि दुसरी काळी पडते. हे घर १५२३ च्या सुमारास ब्राश द अल्बुकर्कने बांधलं, म्हणजे १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द अल्बुकर्कच्या मुलाने. भूकंपात वरचे मजले गेले, ते १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. आज तिथे नोबेल विजेते लेखक जुझे सारामागू यांचं प्रतिष्ठान आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी आहेत. पर्यटक भिंतीचा फोटो काढून निघून जातात. आपल्या माणसाने तिथे पाच मिनिटं थांबलंच पाहिजे.

रुसियू चौकात राष्ट्रीय नाट्यगृहाची जी देखणी इमारत आहे, त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचा, वाडा होता. १५६० मध्ये गोव्यात जे न्यायासन बसलं ते इथल्या वरिष्ठ मंडळाला बांधलेलं होतं. बाजूलाच सांव दुमिंगूश चर्च आहे. १९५९ च्या आगीत जळलेले त्याचे खांब मुद्दाम तसेच ठेवले आहेत, दगडाच्या खपल्या उडालेले आणि काळवंडलेले. आत जरूर जा. बाहेरच्या चौकात १५०६ मध्ये झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे.

कॅथेड्रलला लागूनच अल्जूब आहे. हुकूमशाहीच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग, आता संग्रहालय. जेमतेम एक माणूस आडवा होईल अशा एकांत कोठड्या तिथे दाखवल्या आहेत. या तुरुंगात राहिलेल्यांपैकी एक मारियो सोआरेश, हे नाव लक्षात ठेवा. तिथून शियादु चढून लार्गु दु कार्मु चौकात या. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशहा मार्सेलु कायतानू याच चौकातल्या बराकीत लपला होता आणि कॅप्टन साल्गेइरू माया यांच्या सैनिकांनी तिला वेढा घातला होता. संध्याकाळपर्यंत राजवट संपली. माया यांच्या नावाची पाटी चौकात जमिनीत बसवली आहे, मी लोकांना ती शोधायला लावतो. शेजारी भूकंपात छप्पर गेलेलं कार्मुचं चर्च आहे, नुसत्या कमानी आकाशाखाली उभ्या. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, तरी हुकूमशहा सालाझार आणि त्याच्या जागी आलेला कायतानू यांच्या पोर्तुगालने ते मानलं नव्हतं. या चौकातली राजवट पडल्यावर ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पोर्तुगालतर्फे सही करणारे परराष्ट्रमंत्री म्हणजे अल्जूबचे कैदी मारियो सोआरेश, आणि भारतातर्फे आपले यशवंतराव चव्हाण. अल्जूब ते कार्मु हे अंतर एका किलोमीटरच्या आसपास आहे. सासऱ्यांना बाकी काही दाखवता आलं नाही तरी एवढं अंतर चालवा.

मोहन रानडे यांचं नाव त्यांना माहीत असणारच. सांगलीचा हा तरुण १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला, पुढे पोर्तुगालला पाठवला गेला आणि गोवा स्वतंत्र झाल्यावरही जानेवारी १९६९ पर्यंत सुटला नाही. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी किती खटपट केली हे जुन्या लोकांना आठवत असेल. त्यांना ठेवलं होतं तो काशियसचा किल्ला लिस्बनच्या पश्चिमेला आहे. काइश दु सुद्रेहून सुटणारी काश्काइशची लोकल तिथे थांबते. अजूनही तुरुंगच असल्यामुळे आत जाता येत नाही. पण गोवा मुक्तिसंग्रामाचे नेते त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना जिथे डांबलं होतं तो पेनीशचा समुद्रकाठचा किल्ला आता राष्ट्रीय संग्रहालय झाला आहे. लिस्बनहून बसने दीड-दोन तास लागतात, चारांपैकी एक दिवस त्याला द्यायला हरकत नाही. अल्जूब सोमवारी बंद असतं, बेलेमचा जेरोनिमुश मठही. तुमच्या दिवसांत सोमवार येत असेल तर त्या दिवशी सिंत्राला जा.